मोठ्याने मोजा

पहाटे ५:३०

पाऊस असला की पहिला फोन गुरुजींचा. "मॅडम, आज वर्ग भरणार ना?" शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांचा वर्ग सुटलेला नाही. भरणार म्हटलं. फक्त सर्व्हिस रोडवर फेरी मारायला कुणी जायचं नाही, सगळ्यांनी थेट देवळाच्या सभामंडपात यायचं, आणि पायऱ्यांवर शेवाळ धरलंय तेव्हा कठडा धरून चढायचं.

व्यायाम करताना पडणाऱ्यांपेक्षा व्यायामाला जाताना पडणारे जास्त, असं माझं इथलं निरीक्षण आहे. कापूरहोळ म्हणजे चार वाटांचं गाव. हायवे पुण्याकडून साताऱ्याकडे जातो, एक फाटा भोरला आणि एक नारायणपूरवरून सासवडला. अंधारात हायवेच्या कडेने, घसरत्या स्लिपरवर, ट्रेलरच्या उजेडात 'मॉर्निंग वॉक' करणारी मंडळी पाहिली की वाटतं, यांच्या साखरेची काळजी मागाहून करू, आधी यांना रस्त्यावरून उचलून आणू.

श्रावणातला सोमवार आहे आज. लावणी नुकती संपलीय. माझ्या धंद्यात या दोन्ही गोष्टींना अर्थ आहे. लावणी संपली म्हणजे कंबरा आणि गुडघे येणार; सोमवार म्हणजे उपास करून साखरेच्या गोळ्या घेणारे येणार.

सकाळी ६

खुर्च्या मांडल्या. प्लास्टिकच्याच, पण हात असलेल्या, आणि पाठ भिंतीला टेकवून, म्हणजे उठताना मागे सरकायच्या नाहीत. खुर्ची, भिंत, पट्टा, विटा यांचा आधार घेऊन आसनं करायची रीत बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यात रुजवली. १९७५ साली शिवाजीनगरला त्यांची संस्था उभी राहिली. धडधाकट माणसाच्या आसनांपर्यंत आजारी माणसालाही पोचता यावं, हा त्यामागचा विचार. माझ्याकडे त्यांच्यासारख्या लाकडी विटा नाहीत. पट्टा म्हणून मोटरसायकलची जुनी ट्यूब उभी चिरून ठेवलीय आणि वजन म्हणून मिठाच्या पुड्या. अर्ध्या किलोची पुडी फडक्यात गुंडाळून घोट्याला बांधली की झालं. किलोची पुडी कधी बांधायची ते मी ठरवते. यावरून दर आठवड्याला वाद होतात.

पुरंदर पूर्वेला आहे, म्हणजे असायला हवा. ढगातून बाहेर आलेला नाही. त्या गडावर जन्मलेल्या संभाजीराजांना दूध पाजणारी धाराऊ आमच्या कापूरहोळची, गाड्यांच्या घरातली. गटातल्या आजी हे नव्या माणसाला हमखास सांगतात, आणि सांगता सांगता खुर्चीवरून उठायचं टाळतात.

त्यांची गोष्ट सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी कुणीतरी एक्स-रे उजेडात धरून त्यांना सांगितलं, गुडघ्यातलं वंगण संपलंय, आता वापरू नका. आजींनी ते तंतोतंत पाळलं. खाटेवर बसून राहिल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा टेप लावून पाहिलं, तर दुखऱ्या पायाची मांडी दुसरीपेक्षा चांगलीच बारीक. गुडघ्याच्या वाटीला जो स्नायू वरून धरून ठेवतो तोच सुकलेला. मग प्रत्येक पावलाचा दणका थेट सांध्यात. खरं तर सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. पावलाचा दाब पडला की ती पिळली जाते, दाब सुटला की सांध्यातलं पाणी शोषून घेते. ते पाणी हेच तिचं जेवण. गुडघा जपून ठेवला म्हणजे तो उपाशी ठेवला.

आता त्या खुर्चीत बसून, पाय समोरच्या स्टुलावर लांब करून, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवतात. गुडघा टॉवेलवर दाबायचा, मांडी दगडासारखी झाली पाहिजे, पाच मोजेपर्यंत धरायची, सोडायची. मोजायचं मोठ्याने. ही माझी सगळ्यात कडक अट. मनात मोजणारा माणूस नकळत श्वास कोंडतो, आणि जोर लावताना श्वास कोंडला की रक्तदाब उसळतो. तोंडाने आकडे बाहेर पडत असले की श्वास कोंडता येत नाही. रक्तदाबाच्या माणसाला हे दहा वेळा समजावण्यापेक्षा "आवाज येऊ दे" एवढं म्हटलं की पुरतं. आजींना आकड्यांत रस नाही. त्या पाच नातवंडांची नावं घेतात. धाकट्याचं नाव जरा लांबवतात, तो लाडका आहे. तेवढाच एक सेकंद जास्त.

मग उठबस. हात छातीवर आडवे, खुर्चीतून पूर्ण उठायचं, बसायचं. अर्ध्या मिनिटात किती होतात ते मी महिन्यातून एकदा वहीत लिहिते. सत्तरी गाठलेल्या बाईच्या दहापेक्षा कमी भरल्या तर पाय कमजोर आणि पडायची भीती जास्त, असं मानतात. आजींच्या सुरुवातीला चार भरल्या होत्या, त्याही हात टेकून. आता आठ होतात.

गुरुजींचा हट्ट सूर्यनमस्काराचा. त्यांच्या लहानपणी औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींचं नाव घेऊन शाळेत नमस्कार घालायला लावत. त्या राजाने सबंध संस्थानाला नमस्कार शिकवले आणि इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. नमस्काराशी माझं भांडण नाही. पण गुरुजींची हाडं ठिसूळ झालीत आणि मणक्याचं एक हाड आधीच दबलेलं आहे. अशा पाठीला जोराने पुढे वाकवणं म्हणजे पुढच्या मणक्याला आमंत्रण. म्हणून त्यांचे नमस्कार भिंतीशी उभे राहून: हात वर, हात भिंतीला, कोपरं वाकवून छाती भिंतीकडे, पुन्हा सरळ. मान खाली नाही, पाठ गोल नाही. "हे काय नमस्कार?" ते रोज विचारतात. रोज घालतातही.

आणि कंडक्टर अण्णा. एसटीत हयात गेली, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. मंडपाच्या लांबीला ते येरझारा घालतात. हृदयाच्या रुग्णाने नाडी मोजत चालावं असं पुस्तकात असतं, पण अण्णा जी गोळी घेतात तिच्यामुळे नाडी मुळात चढतच नाही; तिच्यावर विसंबणं धोक्याचं. आम्ही दुसरं माप धरलंय. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. अण्णा भजनी मंडळातले, त्यामुळे परीक्षा सोपी. गावच्या राजकारणावर बोलता येतंय आणि अभंगाची ओळ एका दमात जात नाहीये, म्हणजे वेग बरोबर. आरामात आळवताहेत, म्हणजे वेग वाढवा. बोलणंच तुटायला लागलं की हळू. आणि छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, गार घाम यांतलं काहीही वाटलं तर तिथल्या तिथे बसायचं आणि १०८ला फोन; "गॅस असंल" म्हणायचं नाही. १०८ हा आकडा त्यांच्या मोबाइलच्या मागे चिकटपट्टीवर लिहून चिकटवलाय.

सकाळी ९

सातला वर्ग सुटतो, नऊला माझे फोन. प्रश्न एकच: आत्ता गुडघा कसा आहे, व्यायामाआधी होता तसा, की जास्त? दोन तासांनी दुखणं आधीपेक्षा वाढलेलं असेल तर आजचा डोस जास्त झाला, उद्या कमी. तेवढंच असेल तर उद्याही तेवढंच. बंद मात्र नाही. कमी करणं आणि बंद करणं यांत मधे खूप जागा असते, आणि आमच्याकडचे लोक तिथे थांबत नाहीत. एक तर वीस उठाबशा, नाही तर खाट.

दुखणं अजिबात नको, ही अपेक्षाही सोडून द्यावी लागते. डेन्मार्कमध्ये २०१३ साली गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी एक कार्यक्रम सुरू झाला, सहा आठवड्यांत बारा सत्रं, पुढे तो बऱ्याच देशांत गेला. त्यात दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्यायला सांगतात. दोनपर्यंत खुशाल करा, पाचपर्यंत चालेल, पाचाच्या वर गेलं की थांबा. आणि वाढलेलं दुखणं चोवीस तासांत मूळपदावर यायला हवं. आमच्याकडे दहापैकी गुण ही भाषा गुरुजींनाच कळते. बाकीच्यांसाठी मी आणे वापरते. चार आणे दुखलं तर करत राहा, आठ आण्यांपर्यंत सांभाळून, बारा आणे झालं की बंद.

आजींचा फोन सुनेने घेतला. "आत्या म्हणत्यात चार आणे." ठीक.

सकाळी १०

गाळ्याचं शटर वर. पहिली आली ती तिशीतली, शिरवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. तिला आमवात, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आजींचं दुखणं आणि हिचं दुखणं एकाच शब्दात 'संधिवात' म्हणून खपतं आणि तिथेच घोटाळा होतो. आजींचा गुडघा सकाळी आखडतो तो दहा-पंधरा मिनिटं. चार पावलं टाकली की मोकळा. हिची बोटं आणि मनगटं उठल्यावर तास-दीड तास वळतच नाहीत, सुजलेली असतात, हाताला गरम लागतात. तिच्या शरीराची फौजच तिच्या सांध्यांवर उलटलीय. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी ती मंगळवारी घेते. ती रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक मंगळवारी लाल गोल.

मोबाइलवर एका तरण्याताठ्या बाईचा व्हिडिओ बघून ती रोज पहाटे दंड घालत होती, सुजलेल्या मनगटांवर. "दुखलं की फायदा होतो म्हणत होत्या त्या." हिच्यासाठी नियम उलटा आहे. गरम, सुजलेल्या सांध्यावर वजन टाकायचं नाही, ताणायचंही नाही. फक्त तो जेवढा हलतो तेवढा हळूच सगळ्या बाजूंनी हलवायचा, दिवसातून दोनदा, कोमट पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून. पहाटे नाही, दहानंतर, अंग सुटल्यावर. आणि बाकीचं शरीर? तेही खाटेवर ठेवायचं नाही. चालणं, पायांचे व्यायाम, सांधे शांत असतील त्या दिवसांत ट्यूब ओढणं. सूज आटोक्यात असताना केलेल्या व्यायामाने आमवात वाढत नाही. त्याला घाबरून हात गळ्यात बांधून बसलेल्या बायकांची बोटं मी बघितलीत.

अर्धा तास मात्र व्यायामावर गेलाच नाही, भाकरीवर गेला. भाकरी थापताना मनगट मागे दुमडून त्यावर जोर येतो, नेमका नको तिथे. मी तिला म्हटलं, सूज असेल त्या दिवशी चपाती, लाटणं दोन्ही तळव्यांखाली, बोटांच्या मुठीत नाही. पातेलं उचलताना कानाला चिमटीत धरायचं नाही, दोन्ही हातांवर पेलायचं. पिशवी बोटांत लटकवायची नाही, कोपरात अडकवायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सासूबाईंना तुम्हीच सांगा, चपाती का ते." नंबर लिहून घेतला.

सकाळी ११:३०

आबा. साठीच्या पुढचे, कित्येक वर्षांचा मधुमेह, सोमवारचा कडक उपास. पंचा खांद्यावर, पाय अनवाणी. नसरापूरच्या बनेश्वराला पायी निघाले होते, वाटेत "जरा पाय दाखवून जातो" म्हणून डोकावले. देवाचीच कृपा म्हणायची.

खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले. माझ्याकडे नायलॉनचा एक जाडसर केस आहे, काडीला लावलेला. तळव्यावर टेकवून तो वाकेपर्यंत दाबला की बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडतो. "लागलं की हो म्हणा." अंगठा: गप्प. अंगठ्यामागची गादी: गप्प. करंगळीखाली: "व्हय." टाच: गप्प. आणि डाव्या तळव्यात, मधोमध, एक बारीक खडी रुतलेली. तिच्याभोवती लाल. केव्हा रुतली ते त्यांना ठाऊक नव्हतं. दुखत नव्हती ना.

मधुमेहाच्या माणसाने व्यायाम करताना सर्वांत जपायची गोष्ट कोणती, असं विचारलं तर लोक साखर म्हणतात. मी पाय म्हणते. चालणं त्यांच्यासाठी औषध, पण बधिर तळव्याने अनवाणी चालणं म्हणजे न कळता जखम, न कळता पू, आणि पुढचं कुणाला ऐकवत नाही. मऊ तळाची एमसीआर चप्पल किंवा बंद बूट, आत सुती मोजे, घालण्याआधी बूट उलटा करून आत हात फिरवायचा, आणि रात्री आरशात दोन्ही तळवे बघायचे. श्रद्धेला यातलं काही आडवं येत नाही; आडवी येते ती "देवाच्या वाटंला वहाण कशी घालायची" ही लाज.

खडी काढली, धुऊन पट्टी केली. मग बोटाला सुई. ७८. सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेतलेली, त्यावर फक्त बिनसाखरेचा चहा. ही गोळी शरीरातलं इन्सुलिन वाढवते, पोटात अन्न असो नसो. चालायला लागल्यावर स्नायू साखर ओढून घेतात ती वेगळीच. ७०च्या खाली साखर गेली की घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. अशी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने ९०च्या खाली असताना काही खाल्ल्याशिवाय व्यायामाला लागूच नये. दुसऱ्या टोकाला साखर २५०च्या वर आणि अंगात बरं नसेल, उलट्या होत असतील, तरीही व्यायाम नाही, दवाखाना.

तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली. "उपासाला साखर चालती का?" चालते, आबा. पंधरा मिनिटांनी १०४. मग दोन केळी. त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते त्यांनी सांगितलं आणि आबांच्या वहीत मी लिहिलं. औषधाची मात्रा ठरवणं माझं काम नव्हे, आणि आबांचं तर नव्हेच. बनेश्वर आज रिक्षाने.

दुपारी १:३०

जेवण, आणि थोडा निवांतपणा. शटर अर्धं खाली.

या वेळेला मला नेहमी भिगवण आठवतं. जिल्हा आमचाच, पण पार दुसऱ्या टोकाला, उजनीच्या पाण्याकाठी. १९९६ साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी तिथे घरोघर जाऊन सांधेदुखीची मोजणी केली; जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठिंब्याची ही पद्धत भारताच्या खेड्यात पहिल्यांदाच वापरली गेली. गावातल्याच लोकांना शिकवून स्वयंसेवक केलं. त्यांच्या हातात माणसाच्या आकृतीचा कागद. दुखतं कुठे तिथे खूण करायची. चार हजारांवर प्रौढांना विचारलं, त्यांतल्या शंभरी अठरा जणांना हाडा-सांध्यांचं दुखणं निघालं. आमवात दोनशेंत एकाला. टीम मोजून निघून गेली नाही, पुढची काही वर्षं तिथे तपासण्या करत राहिली.

मला त्यातली आकृती फार आवडते. माझ्या गाळ्यातही तशीच एक आहे, छापील नव्हे, भाचीने काढलेली. "सगळं अंग दुखतंय" म्हणत आलेली बाई तिच्यावर बोट ठेवायला लागली की सगळं अंग तीन ठिकाणांवर येतं. तीन ठिकाणांसाठी काहीतरी करता येतं. बहुतेक वेळा ती तीन ठिकाणं कंबर, गुडघा, खांदा अशीच असतात, आणि भिगवणला काय नि भोरला काय, त्यामागे वाकून केलेलं काम असतं.

दुपारी ३:३०

दिवळ्याच्या बाजूला एका घरी जायचं होतं, पडून खुब्याचं हाड मोडलेली आजी. तिचं काम झालं. येताना बांधावर बायकांनी अडवलं. भातात तण काढत होत्या, अंगावर प्लास्टिकचे कागद. इरली आता फक्त एखाद्या म्हातारीच्या ओसरीला टांगलेली दिसतात. इंद्रायणीची रोपं चांगली तगलीत.

"मॅडम, आमास्नी कसला व्यायाम शिकवताय? दिसभर हेच की."

हा प्रश्न मला वर्षानुवर्षं विचारला जातो आणि तो खोडून काढण्याजोगा नाही. या बाया माझ्यापेक्षा दणकट आहेत. लावणीच्या दिवसांत कमरेत वाकून, चिखलात मागे मागे सरकत, सकाळपासून सांजेपर्यंत रोपं खोचतात. मला तासभर जमणार नाही. पण काम आणि व्यायाम यांत फरक आहे तो थांबण्याचा. व्यायाम मी दमले की थांबतो. काम वावर संपलं की थांबतं. व्यायामात पुढे वाकलं तर मागेही वाकायचं असतं. लावणीत मागे वाकणं नाहीच. कामाने काही स्नायू आयुष्यभर ताणलेले राहतात आणि काहींना कुणी हाकच मारत नाही. डेन्मार्कच्याच संशोधकांनी दाखवलंय की मोलाच्या अंगमेहनतीने हृदयाला तो फायदा होत नाही जो फुरसतीच्या व्यायामाने होतो; उसंत नसते, रक्तदाब दिवसभर चढलेला राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली रक्तदाब-मधुमेहवाल्यांनाही आठवड्याला दीडशे मिनिटांची हालचाल सांगितली, शिवाय दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि म्हाताऱ्यांना तोल सांभाळण्याचे. त्या कागदात भाताचं खाचर कुठे बसतं, हे मात्र आमचं आम्हालाच ठरवावं लागतं.

मी बांधावर एवढंच दाखवलं: एक ओळ संपली की उभं राहा, हात कमरेवर, हळूच मागे झुका, पाच मोजा. मोठ्याने. उकिडवं बसून खुरपताना गुडघ्यावर फार भार येतो, तर चार इंचांचं का होईना पाटासारखं काहीतरी बुडाखाली घ्या. पाणी भरताना एक हंडा कमरेवर नेण्यापेक्षा दोन लहान कळश्या दोन हातांत. आणि वजन. चालताना शरीरातला एक किलो कमी झाला की गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलाला चार किलोंनी हलका होतो. पाच किलो उतरवले तर वीस. त्यावर एकजण दुसरीकडे बघून म्हणाली, "ऐकलंस का गं?" आणि हशा पिकला. दुसरीने तण फेकून मारलं.

मागे झुकून मोजण्याचा आवाज मी गाडीपर्यंत ऐकला. पुढच्या ओळीला झुकतील की नाही, देव जाणे.

संध्याकाळी ५:३०

आयुष्मान आरोग्य मंदिरात थोडा वेळ. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी ताई तिशीवरच्या सगळ्यांचा रक्तदाब-साखर तपासतात, आशा ताई घरोघर फॉर्म भरून आणतात, आणि व्यायाम सांगण्याआधी मला हवी असते ती माहिती बहुतेक त्या फॉर्मातच असते. आजचा एकजण: १८४ वर ११२. हा माणूस 'पोट कमी करायचंय' म्हणून माझ्याकडे आला होता. आज एकही व्यायाम नाही. आधी डॉक्टर, गोळी, मग आठवड्याने भेटू. तो हिरमुसला. हिरमुसू दे.

तिथेच एक मावशी भेटल्या. बिडी कधी ओढली नाही, पण चुलीपुढे चाळीस वर्षं काढली. फुप्फुसांचा जुना आजार, सीओपीडी. चार पावलांत धाप. धाप लागते म्हणून चालणं सोडलं, चालणं सोडल्याने पाय सुटले, पाय सुटल्याने अजून धाप. बोटाला ऑक्सिमीटर लावून व्हरांड्यात चालवलं. आकडा ८८च्या खाली गेला तर थांबायचं. ९१च्या खाली आला नाही. ओठांचा चंबू करून, फुंकणीतून फुंकतात तसा हळू, लांब श्वास सोडायचा, नाकाने घ्यायचा. दोन पावलांत घेणं, चार पावलांत सोडणं. फुंकणी म्हटल्यावर त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. पंप पिशवीत आहे का, पाहिलं. होता, रिकामा. ताईंनी दुसरा लिहून घेतला.

संध्याकाळी ७

पोलीस भरतीची पोरं, नडग्या दुखतात म्हणून. डांबरावर रोज पळतात. दोन दिवस विश्रांती, मग मातीवर, आणि बूट बदला. त्यांच्याजवळ वेळ नव्हता, माझ्याजवळही नाही.

रात्री ८:४५

शेवटचा फोन आबांच्या घरी. व्यायामानंतर साखर काही तासांनीही खाली येऊ शकते, तेव्हा झोपण्याआधी एकदा पाहायचीच. नात बोलली. "आबांनी सोमवार सोडलाय, जेवलेत. १३२ आली." पायाची पट्टी कोरडी आहे का? आहे. लाली पसरलीय का? नाही.

मागून आबांचा आवाज: "इचार, फुडल्या सोमवारी चालत जाऊ का?"

जखम भरली तर जा म्हणाव. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी, निघताना साखर मोजायची, बरोबर कुणीतरी पाहिजे. चेलाडी फाट्यापर्यंत एसटीने आणि तिथून पुढे चालत.

नातीने सगळं सांगितलं. पलीकडे थोडी खुसपुस.

"आबा विचारतात, वहाण कुठवर?"

"देवळाच्या पायरीपर्यंत."

"आन् खिशात साखर ठेवायची का?"

"राजगिऱ्याचा लाडू ठेव म्हणाव. साखर पावसात भिजते."